बाही झटकून

एल बांकोहून निघालेली होडी
मोम्पोसच्या पायऱ्यांना लागली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते
आणि गावात जागं असं कुणीच नव्हतं,
झाडावरच्या एका इग्वानाखेरीज.
तोही एकाच डोळ्याने.

काठाच्या भिंतीला पांढरा चुना,
चुन्यावर मागच्या पुराची पिवळट रेघ, माझ्या छातीएवढी उंच.
एके काळी सगळा व्यापार इथूनच समुद्राकडे उतरायचा.
मग माग्दालेनाने कूस बदलली,
मोठं पाणी पलीकडच्या फाट्याने गेलं
आणि बंदर मागे राहिलं
दारात विसरलेल्या चपलांसारखं.

नोएमी ओस्पिनोच्या दारावर पाटी नाही.
आतून फक्त बारीक टकटक.
तिने मान वर केली नाही,
पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

समोर पोलादी पट्टी, तिला ओळीने भोकं,
प्रत्येक भोक आधीच्याहून लहान.
आमच्याकडे ह्याला जंतर म्हणतात, मी म्हणालो.
"यांतार," ती म्हणाली, आणि चांदी ओढत राहिली.
मेण लाव, टोक घास, ओढ.
पुन्हा मेण.
शेवटच्या भोकातून जे बाहेर आलं
त्याला केस म्हणावं तर केसच जाडा ठरावा.
मग दोन तारांना पीळ, पिळाला चेप,
चिमट्याने एकेक वळण पाकळीच्या चौकटीत बसवायचं,
श्वास रोखून. माझासुद्धा.

टाकणखार, चांदीचा कीस, फुंकणीची निळी जीभ.
सुटं होतं ते सांधलं.
"माझ्या भाषेत," मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगू लागलो,
"ह्या सांध्याला डाग म्हणतात.
दागिन्यालाही डाग.
आणि सदऱ्यावर पडतो, धुऊन जात नाही,
त्यालाही."
ती पहिल्यांदा हसली.
"म्हणजे एका शब्दात माझा सगळा धंदा आला.
आणि नवराही."

नदीचं विचारलं.
"गेली, गेली असं तुम्ही पाहुणेच म्हणता.
बघ की खिडकीतून, आहे तिथेच.
कुणीतरी बारक्या भोकातून ओढलंय तिला, एवढंच."

आतल्या खोलीतून नातू ओरडला,
"आजी हे सगळ्यांना सांगते!
मागच्या आठवड्यात एक फ्रेंच बाई रडली,
दोन जोड जास्त घेऊन गेली!"
नोएमीने फुंकणी खाली ठेवली.
"बरं मग? खोटं आहे का?"

यादिर धक्क्यावर होड्यांची इंजिनं जोडतो.
त्याचे डाग जाड, ओबडधोबड, पाण्याला पुरून उरणारे.
जंतर त्याने एकदाच हातात धरलं होतं,
पहिल्याच भोकाशी तार तुटली.
हे सांगताना ती चिडली नाही.
शिंप्याने छातीचं माप सांगावं तसं सांगितलं.

संध्याकाळी गाव जागं झालं,
म्हणजे खुर्च्या बाहेर आल्या.
वेताच्या, झुलत्या, सगळ्या नदीकडे तोंड करून.
त्यांत बसलेली माणसं बोलत नव्हती फारसं,
वटवाघळं त्यांच्या डोक्यांवरून पाण्याकडे जात होती.
मी बहिणीसाठी कानातली घेतली.
तळहातावर ठेवली, तर हाताला पत्ताच नाही.

निघताना नोएमीने उंबऱ्यावर अडवलं.
"झटक."
बाह्या झटकल्या, कोपर, विजारीच्या दुमडी.
वर्षाचा केर ती एकदाच जाळते,
राखेतून चांदी उचलते.
लहानपणी सराफकट्ट्याच्या गटारीत
घमेली हलवत बसलेले झारेकरी
मी तासन्‌तास पाहत उभा राहायचो.
आज मीच तो केर.

सकाळी होडी सुटली.
धक्का वीसेक हात मागे पडला तेव्हा
मनगटावरच्या घामट केसांत
एक कण चमकला.
मी हात वर केला, काठाकडे,
हे बघा, राहिलं, असं काहीसं म्हणायला.
इंजिनाच्या आवाजात काय ऐकू जाणार.

यादिरला वाटलं मी निरोप घेतोय.
वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून
त्यानेही हात हलवला.