खोकल्याचे प्रकार

ताल्लिनहून कास्पर आला, बॅगेत चार रंगांचे मार्कर.
बॉयलरहाऊसच्या जेवणघरात त्याने पडदा टांगला,
एरवी जिथे ओले हातमोजे वाळत असतात.
आम्ही सातजण. बाहेर उणे एकोणीस.
"संवाद म्हणजे पूल," तो म्हणाला.
हेल्दूरने खिडकीतून नदीवरचा पूल पाहिला,
नोव्हेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद असलेला,
आणि चहात आणखी एक चमचा साखर टाकली.

दोन दिवस शिकलो.
मेलला विषय हवा. वाक्याला कर्ता हवा.
'बघून घ्या' असं लिहू नये : कोणी बघायचं, किती वाजता?
दिवसाचे तुकडे करावेत पंचवीस-पंचवीस मिनिटांचे.
इथे राइनर हसला. बॉयलरला कोण सांगणार?
आणि ऐकलेलं परत सांगावं,
समोरच्याच्या शब्दांत.

मी ऊर्वे, पाळीप्रमुख. सगळं लिहून घेतलं.
सोमवारी खिळ्यावरची तेलकट वही काढली,
जिच्यात हेल्दूर एकतीस वर्षं लिहीत आला
बोटभर पेन्सिलीने, कधी तीन शब्द, कधी दोन.
तिच्या जागी माझा तक्ता. अकरा रकाने.
हेल्दूरने दहांवर आडवी रेघ ओढली,
अकराव्यात लिहिलं :
पंप तीन खोकतोय.

राइनरने रात्री वाचलं. नीट वाचलं.
हवा अडकली असेल म्हणून दोनदा हवा सोडली,
वेळ टाकली, सही केली.
पहाटे चारला बेअरिंग गेलं.
शाळेमागच्या चाळीस घरांतले रेडिएटर
एकेक करून गार.
फोन मीच घेत होते.
एक बाई ओरडली नाही,
तिने फोन फक्त तान्ह्याजवळ धरला.

उजाडल्यावर मी मेल लिहिला. विषय होता. कर्तेही होते,
सहा परिच्छेद, प्रत्येकात मी सोडून कुणीतरी.
पाठवायच्या आधी खाली गेले.
हेल्दूर फुटकं बेअरिंग मांडीवर घेऊन बसलेला,
राइनर समोर, उपड्या बादलीवर.
"खोकतोय असं लिहिलंत."
"खोकतच होता."
"कसा?"

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

हेल्दूर खोकला.
घशातून, खरखरीत. "हा कोरडा. बेअरिंग."
मग छातीतून, बुडबुडे फुटावेत तसा. "हा ओला. हवा."
मग एक बारीकसा, लग्नात भाषणाआधी माणसं काढतात तो.
"हा काही नाही. हा थंडीचा."
राइनर खोकला.
"अजून खालून."
राइनर परत खोकला.
मग मी खोकले, पाळीप्रमुख,
कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
कास्पर सांगत होता ते हेच असावं,
पडद्यावर त्याला आवाज नव्हता एवढंच.

मेल पुसला.
वही परत खिळ्याला,
पुठ्ठ्याच्या आत माझ्या अक्षरात : कोरडा, ओला, थंडीचा,
आणि हेल्दूर सांगत गेला तसं पुढे :
शिट्टी, कुरकुर, दात खाणं, गप्प.
'गप्प'पुढे त्याने स्वतःच्या पेन्सिलीने लिहिलं, धावा.
तक्त्यातले दोन रकाने ठेवले :
कोण. किती वाजता.

एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला.
केक, घड्याळ, टाळ्या.
भाषणासाठी उभा राहिला,
तो बारीकसा खोकला काढला
आणि खाली बसला.

परवा रात्री दोनला मी त्याला उठवलं.
काही बोलले नाही, फोन पंपाला लावला.
"ओला," तो म्हणाला.
"ओला," मी म्हटलं.
"हं."
आणि ठेवून दिला.

२.१०. पंप दोन, ओला. हवा सोडली.
पाच वाजता परत ऐकणार : ऊर्वे.