तालुका मोमिनाबाद

वाळवीनं तात्यांच्या सन्मानपत्राची चौकट खाल्ली
म्हणून ती पिशवीत घालून मंडी बाजारात नेली.
इलियासभाईंनी पकडीनं चुका उपटल्या,
पुठ्ठा सुटला, आणि त्यामागचं पाकीट काचेवर पडलं.
निजामाचं तिकीट. उर्दू अक्षर.
"भुजंगराव, तालुका मोमिनाबाद," ते वाचून हसले,
"अंबाजोगाईचं हे नाव आता पोस्टमनलासुद्धा ठाऊक नाही."
आणि चष्मा पुसला.

तात्या, म्हणजे बाबांचे चुलते. बिनलग्नाचे.
दर सतरा सप्टेंबरला झेंड्यापाशी पहिली खुर्ची त्यांची.
भाषणाला उभं केलं की एकच वाक्य:
"रात्रीचे गेलो, रात्रीचे आलो. बसा आता."
पोरं टाळ्या वाजवायची. मीही.
त्याच आठवड्यात ते परळीहून हैदराबादची गाडी धरायचे,
पेन्शनच्या कामाला म्हणून.
सोबत पहिल्या तोडीची सीताफळं, टोपलीत गवत घालून,
पोचेपर्यंत पिकतील अशा बेतानं.
येताना उस्मानिया बिस्किटांचा पुडा,
तो थेट बाबांच्या हातात,
बाबांना मिशा फुटल्या, मग पिकायला लागल्या, तरी.
पेन्शन बीडच्या ट्रेझरीतून यायची.
हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

इलियासभाईंचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं.
आधी मोठ्यानं, मग हळू.
मग उठून त्यांनी शटर अर्धं ओढलं.

ती जैबून. टपालमुनशीची लेक.
रझाकारांच्या तारा बापाच्या आधी वाचणारी,
आणि दळणाच्या डब्यात, ज्वारीच्या खाली
चिठ्ठी पाठवणारी: आज घाटानं येऊ नका.
मग ते पाच दिवस, पुस्तकात आहेत ते,
आणि त्यापुढचे, जे नाहीत.
फौज पुढं गेली. मागं गल्ली उरली तिची,
आणि रॉकेलचे डबे घेऊन आलेली
कालपर्यंत तात्यांसोबत जंगलात भाकरी खाल्लेली माणसं.
कडब्याच्या गाडीत, कडब्याखाली,
तात्यांनी तिला आणि मुनशीला परळीला पोचवलं.
सन्मानपत्रात याला रकाना नाही.

"लेकरू सहा महिन्यांचं झालं," तिनं लिहिलं होतं.
"अब्बांनी माझं दुसरीकडे ठरवलंय.
तुमच्या वहिनीचा पाळणा रिकामा झाला म्हणता,
तिच्या ओटीत घाला. नाव तुमच्यातलंच ठेवा.
त्याला कधी सांगू नका.
आणि सीताफळ द्याल तर बी काढून द्या.
पोरं गिळतात."

इलियासभाईंनी घडी होती तशीच घातली.
"तुमचे वडील कोणत्या सालचे?" त्यांनी विचारलं नाही.
पाणी दिलं.

बाबा पंच्याहत्तरीचे. ओसरीत पेपर घेऊन बसलेले.
मी सांगितलं, सगळं, उभ्यानंच.
त्यांनी पेपरची घडी केली, मग अजून एक,
मग इतकी बारीक की पुढं होईना.
"मला कॉलेजात असतानाही
ते बी काढूनच वाटीत द्यायचे," म्हणाले.
"मला लाज वाटायची. मित्र हसायचे."

बराच वेळ गेला. शेजारी कुणीतरी बोअर चालू केला.

"एका साली टोपली तशीच परत आली. आठवतं तुला?
तू लहान होतीस.
फळं काळी पडलेली, चिलटं घोंघावत होती,
आणि हे पायरीवर बसून एकेक फोडून
बिया वेगळ्या करत होते.
मी ओरडलो त्यांच्यावर.
म्हणलं, कामून नासवता एवढं? फेकून द्या.
त्यांनी फेकलं.
मग परत कधी गेले नाहीत."

आतून आईनं विचारलं, चौकट झाली का?
बाबांनी माझ्याकडं पाहिलं.
"इलियासनं किती घेतले?"
काहीच नाही, मी म्हणाले.
"मग उद्या जा. देऊन ये."
आणि थोड्या वेळानं:
"थांब. मीच येतो.
मला ते अक्षर बघू दे,
वाचता आलं नाही तरी."