सातशे चाळीस

आरोपपत्रात लिहिलंय : फौजदारी न्यासभंग.
रक्कम एक लाख शहाऐंशी हजार चारशे.
आरोपी भालचंद्र सखाराम खवणेकर, वय एकाहत्तर,
खजिनदार, श्रमसाफल्य कल्याण केंद्र,
कन्नमवार नगर, विक्रोळी.

मी आरोपीची वकील.
त्या केंद्राच्या माळ्यावर बसून मी दहावी केली.
खाली कॅरमच्या सोंगट्या, शिवणवर्गाच्या मशिनी,
वर अभ्यासिका, महिना दोन रुपये.
एकदा म्हटलं, काका, राहू दे ना पावती,
दोनच तर रुपये.
त्यांनी कार्बन सरळ केला, पेन दाबून लिहिलं :
"दोन आहेत म्हणूनच.
दोनशेची पावती कुणीही मागतो."

आता अकरा वर्षांची कीर्द माझ्या जेवणाच्या टेबलावर,
ताटं आम्ही मांडीवर घेतो.
स्टार्टर, पंधरा रुपये.
उंदराचं औषध, तीस.
सुगंधाबाई झाडूवाली, दिवाळी, शंभर.
आणि दर जूनच्या सतरा तारखेला
"एक हितचिंतक, पाचशे".
त्यांचं पासबुक उघडलं तर
दर जूनच्या सतरा तारखेला पाचशे वजा.
हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.
विचारलं तर म्हणाले, तो मुद्दा घेऊ नकोस,
शोभत नाही.

मुदत ठेव मोडली ती छपरासाठी.
सह्या दोन, एक यांची, एक अध्यक्ष नलावड्यांची.
नलावडे आता म्हणतात, माझी सही कोऱ्या फॉर्मवर घेतली.
पत्रे टाकणारा नलावड्यांच्या मेहुण्यांच्या ओळखीचा,
रोख मागितली त्याने, रोख दिली यांनी,
छप्पर अजून गळतंय
आणि तो माणूस फोन उचलत नाही.
पावती?
"मागितली. उद्या देतो म्हणाला."
मग?
"घरचाच माणूस, म्हटलं देईल."

मी फाईल मिटली. खिडकीशी जाऊन उभी राहिले.
राग आला तो नलावड्यांचा नव्हता.
दोन रुपयांना कार्बन लावणारा हा माणूस
पावणेदोन लाखांना लाजला,
हे मी कोर्टाला कोणत्या तोंडाने सांगू?
कुणीही मागतो म्हणालात ना, काका,
कुणीही.

ते खुर्चीत तसेच बसून होते,
पिशवी मांडीवर, पिशवीत छत्री.
मग म्हणाले, "एक राहिलंय.
सातशे चाळीस मी घेतले होते."
काय?
"चौदा साली. चष्म्याची काच फुटली.
तीन आणि आठ सारखेच दिसायला लागले,
कीर्द चुकली असती.
पेन्शन यायला सहा दिवस होते.
सातव्या दिवशी परत टाकले,
पण घेतल्याचं लिहिलं नाही, टाकल्याचंही नाही.
हात धजला नाही.
तेवढं कोर्टात सांगशील?"

काका, सरकारी वकील याचाच हार करून घालतील तुमच्या गळ्यात.
"घालू देत. न लिहिलेलं तेवढं एकच आहे."

तीन रात्री मी ते वाक्य बचावात बसवून पाहतेय.
बसत नाही. काढलं तर
बाकीचंही उभं राहत नाही.

आज केस पुकारली, साक्षीदार गैरहजर,
पुढची तारीख एकोणीस.
नलावड्यांनी जिन्यात तोंड फिरवलं,
शिवणवर्गाच्या तिघी आल्या होत्या,
काही बोलल्या नाहीत, नुसत्या सोबत खाली उतरल्या.
कोर्टाबाहेर टपरीवर पाच चहा घेतले.
मी पैसे दिले.
काकांनी खिशातली चिटोरी डायरी काढली,
चष्मा कपाळावरून खाली ओढला,
आणि चहा निवत असताना लिहिलं :
चहा पाच, साठ रुपये,
ॲड. मृण्मयी पाटकर यांजकडून.
मग डायरी माझ्यापुढे धरली.
"बघ बरोबर आहे का. आणि सही कर."