पाय दे

संध्याकाळी, दूध काढायच्या वेळेला,
आमच्याकडे गाय नाही म्हणून
मी घोडीचे पाय घेऊन बसते.
वाळपईची शेवटची बस वळणावर भोंगा देते
आणि काजूच्या भाटातून ती एकटीच खाली उतरते,
पोटऱ्यांना रानमोडी चिकटलेली,
कानात दिवसभराच्या माशा.

कागदावर तिचं नाव सिल्व्हर डिस्पॅच.
पुण्याला धावायची म्हणे. मग मोरजीच्या वाळूवर
गोऱ्या पोरांना पाठीवर घेऊन चालायची.
कुणाचं तरी येणं फिटेना, म्हणून ह्यांनी ती ओढून आणली
आणि दोन वर्षांत स्वतःच गेले.
मी तिला शिला म्हणते.

करवंटीत थोडं रॉकेल.
जत्रेत घेतलेला भुवयांचा चिमटा.
कपाळाला बॅटरी बांधलेली.
"पाय दे," म्हणते, आणि खुरामागच्या केसांत बोट घालते.
हाताला आधी कळतं, डोळ्यांना मागून:
तीळ. मसूर.
मग टम्म फुगलेली एरंडाची बी.

घाई करायची नाही. नख लावायचं नाही.
हिसका दिला की धड हातात येतं, तोंड आत राहतं,
मग तिथे गाठ, गाठीत पू, पुवावर माशी.
गोचीड धरायची ती कातडीलगत,
आणि सरळ वर, सावकाश,
तरव्यातून रोप काढतात तशी, मुळासकट.

पुढच्या पायांना आतून पिवळी अंडी.
माशी एकेका केसाला एकेक चिकटवून जाते
आणि वाट बघते, घोडीनं आपलाच पाय चाटण्याची.
ती ह्यांच्या दाढीच्या पात्यानं खरवडायची.
बोथट झालंय, तेच बरं.

शिगम्यात आमच्या गावचे पुरुष
लाकडाचे घोडे कमरेला बांधतात.
मान असते, झूल असते, लगाम असतो,
पाय तेवढे माणसांचे.
शिला कुंपणापाशी उभी राहून बघते.
काय बघते, कोण जाणे.

गेल्या मोसमात काजू वेचणाऱ्या बायकांना ताप आला.
आरोग्य केंद्राची मुलगी तेलाच्या बाटल्या वाटून गेली:
हातापायांना लावा, पाचोळ्यावर बसू नका,
मेलेलं माकड दिसलं तर कळवा.
सुकांतीनं, माझ्या जावेनं, बाटली पदरात घेतली
आणि मला नाही, त्या मुलीला सांगितलं,
"ताप त्या घोडीनं आणलाय."
चुली आधीच वेगळ्या होत्या.
त्या दिवसापासून विहिरीच्या वेळाही.

काल चारही पाय झाले. करवंटीत सदतीस.
उठले, तर माझ्याच गुडघ्यामागे, लवणीत, काहीतरी.
बोटाला कळलं: मसूर.
आपला डोळा पोचत नाही, नेमकी तिथे.
आरसा धरून पाहिला, हात उलटाच चालायला लागला.
पोरगा मडगावला, रात्रपाळीला.
चिमटा घेतला आणि अंगण ओलांडलं.

सुकांती तांदूळ निवडत होती.
काय झालं विचारलं नाही.
सूप बाजूला सारलं, चष्मा पदरानं पुसला,
पायरीवर बसून मांडीवर थाप मारली.
"पाय दे."

मी खांब धरून उभी, एका पायावर.
तिचा श्वास पोटरीला लागत होता.
"हलू नको गो. घोडी बरी तुझ्यापेक्षा."
"सावकाश," मी म्हटलं, "तोंड आत राहील."
"तोंडाचं तू मला शिकवू नको."

पलीकडे शिलानं खूर आपटला.
"करवंटी खंय?" सुकांतीनं विचारलं.
ती घोडीपाशीच राहिली होती.
मग गेलो दोघी,
मी पुढे, लंगडत, गरज नसताना,
ती मागे,
मिटलेला चिमटा दिव्यासारखा समोर धरून.