पहिला कोण

सोमवारी अन्वीचं नाक वाहिलं.
अंगणवाडीतून आली ती लाल डोळ्यांनीच,
माझ्या पदराला पुसून मोकळी झाली.

बुधवारी माझा घसा.
तिचं उरलेलं दूध मी पिऊन टाकलं होतं,
वाया कशाला घालवायचं म्हणून.
शुक्रवारी हे.
आमची उशी एकच आहे, लांब,
लग्नात आलेली, मधोमध खळगा पडलेली.
शनिवारी तात्या.
त्यांचं अंथरूण दाराजवळ असतं, सगळ्यांपासून लांब,
पण अन्वी त्यांच्याच घोंगडीत शिरून गोष्ट ऐकते,
तोंडाला तोंड लावून.

खिडकी एक.
तिच्यापुढं बेदाण्याची खोकी, पंधरा-पंधरा किलोची,
दर वाढेल म्हणून वर्षभर थप्पीला लावलेली.
माघातली थंडी, दार बंद,
रात्रभर चौघांचा श्वास
फिरून फिरून चौघांकडंच यायचा,
तासगावातल्या उसनवारीच्या पैशासारखा.

आशाताई आली. रंजना जगदाळे, वरच्या गल्लीतली.
उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, वही उघडली.
माणसं किती?
चार.
पहिला कोण?

तात्या म्हणाले, पोरीनं आणलं.
हे म्हणाले, शेडवर पन्नास बायका निवडायला बसतात,
हिनंच आणलं असंल.
मी म्हटलं, सांगलीच्या सौद्यात
परवा कोण शिंकत होतं, विचारा की त्यांना.
अन्वी म्हणाली, मी पहिली! मी पहिली!
आणि टाळ्या पिटल्या.

खिडकी उघडा, रंजना म्हणाली,
तोंडाला रुमाल बांधा, आजाऱ्याचं ताट वेगळं करा.
यांनी दोन खोकी हलवली. तिसऱ्याला हात लावला नाही.
ताट कुठून वेगळं करायचं?
वाटणीत पाच ताटं पलीकडं गेली.

पलीकडं म्हणजे भिंतीपलीकडं.
बाग वाटली त्या साली घातलेली, विटांची,
गिलावा अजून नाही.
तुळस आमच्यात राहिली, नळ त्यांच्यात गेला.
भावाभावांत दोन वर्षं शब्द नाही.
बाजीरावभावजींची गाडी लागली
की हे उगाच घड्याळ बघतात.

दुसऱ्या सोमवारी, जेवताना,
भिंतीतून खोकला आला.
भावजींचा नव्हे. जाऊबाईंचा.
बाईचा खोकला ओळखू येतो,
तो आधी पदरात दाबलेला असतो.
यांचा घास हातातच राहिला.
तात्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.
दोन वर्षांत पहिल्यांदा
आम्ही पलीकडचं काही ऐकत बसलो.
मग भावजीही खोकले.

विटेतनं जात न्हाई ते,
रंजना दुसऱ्या दिवशी म्हणाली.
जवळ बसावं लागतंय, बोलावं लागतंय,
एका हवेत थांबावं लागतंय थोडा वेळ.
आणि वहीत बघत राहिली,
आमच्या तोंडाकडं बघायचं टाळून.

अन्वीची वेणी मी सकाळी तीनपेडी घालते.
दुपारी ती चौपेडी असते.
मला चौपेडी येत नाही.
विचारलं तर म्हणते, बाईंनी घातली.
अंगणवाडीच्या बाईंचे केस मानेपर्यंत आहेत,
त्यांनाही येत नसणार.
मी कधी पुढं विचारलं नाही.

आणि तात्या. संध्याकाळी मारुतीला जातात,
येताना तोंडाला लसणाच्या चटणीचा वास.
मारुतीला कोण चटणी वाहतं?

आणि मी.
गुरुवारी गिरणीत रांग होती.
पिठाच्या धुराळ्यात वैजयंताताई माझ्यामागं उभ्या.
पट्टा तुटला, मालक जोडत बसला,
अर्धा तास.
पहिल्यांदा त्या बोलल्या का मी,
आता आठवत नाही.
तुमचा घसा बसलाय, म्हणाल्या,
आणि कानाजवळ वाकल्या,
गिरणीत ऐकू येत नाही म्हणून.
गिरणी तर बंद होती.

यांचं मला माहीत नाही.
यांनी मला काही सांगितलं नाही,
मीही यांना.

रंजनानं पेनाचं टोपण काढलं.
खोकणारी माणसं किती, एका घरातली?

हे खिडकीशी उभे होते, तिसरं खोकं उचलून.
तात्या घोंगडीचा दोरा ओढत होते.
मी म्हटलं, सहा.

हे काही बोलले नाहीत.
नुसते खोकले.
पलीकडून कुणीतरी खोकलं.