वलंदेजाचं पान

पत्ता एवढाच होता: 'डच वखार, विंगुर्ला'.
वखारीत राहतं कोण? वटवाघळं,
आणि भिंत फोडून आलेला पिंपळ.
म्हणून पत्र माझ्याकडे आलं,
एकतीस वर्षं टपाल कचेरीत काढलेल्या
मोरेश्वर गिरपाकडे.

सोबत वंशवृक्ष. घडी उलगडली तर ओटीवर मावेना,
टोक पार तुळशीपाशी गेलं.
आडेलहाइडबाई लिहितात:
आमचं राज्य फार मोठं नव्हतं,
सकाळी घोड्यावर बसलेला राजा
न्याहारी पचायच्या आत परमुलखात.
मग भावांत वाटण्या, मग त्यांच्या मुलांत.
दर वाटणीला आडनावात एक जोडरेघ वाढली
आणि शेवटच्या राजाच्या वाट्याला आली
अर्धी पाणचक्की, पाऊण पूल.

मला हसू आलं नाही.
मांगरामागच्या फणसात
माझा हिस्सा दोन आणे चार पै.
सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावं,
त्यातली एकोणीस मयत.

झाडाची एकच फांदी कोरी.
लुडोल्फ, तिसरा मुलगा.
थोरल्याला किल्ला, मधल्याला मठ,
याला वलंदेजांच्या जहाजावर चाकरी.
पुढे प्रश्नचिन्ह, तीनदा गिरवलेलं.
बाई विचारतात: लग्न? संतती? मेला कधी?

बाई, तुमच्याकडे अठ्ठावीस पिढ्या आहेत.
आमचे भटजी तीन नावं विचारतात,
बाप, आजा, पणजा.
पणज्यापाशी मी दरवर्षी खोकतो
आणि ते समजून पुढचा मंत्र धरतात.
आम्ही भंडारी. माडावर चढायचं, माडी उतरवायची.
कागद कुणी ठेवला नाही.

पण म्हाळाला आमच्याकडे एक पान जास्त वाढतात.
वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर,
आणि करवंटीत बोटभर माडी.
आये म्हणायची, 'ह्यां वलंदेजाचां.'
कोण तो?
'बाबल्या गिरपाचो गिरायक.
पैसे आगाव दिल्यान, आणि पिवचो रवलो.'

हाच तुमचा लुडोल्फ, असं मी म्हणत नाही.
वखारीत शिपाई खूप असणार,
तापानं मेलेलेही खूप.
तरी रकाने रिकामे पाठवायला जिवावर आलं.

लग्न: माहीत नाही.
संतती: आमच्यात घारे डोळे कुणाचेच नाहीत.
आत्ताच आरशात बघून आलो.
मृत्यू: साल नाही, तारीख नाही. तिथी आहे.
भाद्रपद वद्य अष्टमी.
तुमच्या पंचांगात ती दरवर्षी हलेल,
त्याला माझ्याकडे इलाज नाही.

ताजा कलम.
कावळा त्या पानाला सगळ्यांत शेवटी शिवतो.
आये म्हणायची, 'लांबसून येवचा लागता ना.'
औंदा माडावर चढणारा मिळाला नाही,
मुलानं गोव्याहून आणलेली बियर ओतली.
कावळ्यानं चोच बुडवली, मान तिरकी केली,
माझ्याकडे बघितलं,
आणि परत बुडवली.