बायनाक्काचा पांढरा

गंगावेशीत धारा काढून झाल्या की
बायनाक्का माडीवर येते,
जिन्यात आधी शेणाचा वास, मग ती.
"बसू का पेंटर?" म्हणते आणि बसते.
पण हात बसत नाहीत.
मांडीवर पालथे ठेवले तरी
अंगठा आत मुडपून, आळीपाळीने
हवेची धार काढत राहतात.

पहिले तीन दिवस मी नुसता पुसत होतो.
टर्पेंटाइनच्या चिंधीनं गाल उतरायचा,
नाक उतरायचं, उरायचा एक तपकिरी डाग,
आणि तोच जास्त तिच्यासारखा.
मास्तर सांगायचे, डोळे बारीक कर,
माणूस विसर, अंधार कुठं संपतो तेवढं बघ.
मी डोळे बारीक केले.
अंधार हनुवटीखाली संपत नव्हता,
पदरावरून उतरून जिन्यापर्यंत जात होता.

चौथ्या दिवशी कान साधला.
कानावरून जबडा सापडला, जबड्यावरून
तिचं ते गप्प बसून काहीतरी चघळणं.
डोळे कोरेच.
डोळ्यांना मी घाबरतो, खोटं कशाला बोला.

मग केस घेतले.
ट्यूब पिळली, सरळ पांढरा,
मोठ्या ब्रशनं, जरा मिजाशीतच.
ती उठून माझ्या पाठीमागं आली.
"ह्यो कसला पांढरा?"
"पांढरा म्हणजे पांढरा, आक्का."
"चुन्याचा हाय ह्यो.
दूध बघितलंयस कवा?
फेस येगळा, फेसाखालचं येगळं,
काठाला निळं पडतंय,
वैरण बदलली की त्येबी बदलतंय.
रोज पितोस, आन् मलाच चुना लावतोस व्हय?
जातो मी."

त्या रात्री ब्रश धुतले नाहीत.
गंगावेशीच्या कट्ट्यावर पेला धरून उभा राहिलो.
बल्बच्या उजेडात धार पडली,
फेस चढला, बसला,
आणि काठाला खरंच, नखाएवढा निळा.
बराच वेळ प्यालोच नाही.
म्हैसवाला म्हणाला, "काय पडलंय काय त्यात?"

आता पॅलेटवर सात पांढरे आहेत,
एकालाही नाव नाही.
केस झाले. डोळ्यात एक ठिपका राहिलाय,
तो जिन्यात वास आल्यावर.

हात मी काढले नाहीत.
कॅनव्हास छातीशी संपतो.
त्याच्या खाली
ते चालू आहेत.